लोहाराच्या घरात जर्मन चाकू

आमच्या दुकानाच्या पाटीवर 'आयातदार' असं लिहिलं तेव्हा गावात बरीच चर्चा झाली. काहींना वाटलं पैसा फार झाला, काहींना वाटलं काहीतरी गडबड आहे. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकूंनी आईला सरळच विचारलं, "बाहेरून का आनते वो तुही पोरगी?" आई म्हणाली, "चाकू." त्यानंतर त्या पंगतीत आईच्या डाव्या-उजव्या बाजूचं बोलणं बराच वेळ बंद होतं म्हणे.

धंदा म्हणावा तर अगदी लहान. हंगामाआधी काही खोकी येतात, त्यात दुमडून खिशात मावणारे चाकू असतात आणि ते वरुड, शेंदुरजना घाट, मोर्शी आणि मध्य प्रदेशच्या सीमेपलीकडच्या पांढुर्णा भागातल्या संत्र्याच्या पन्हेऱ्यांमध्ये, म्हणजे रोपवाटिकांमध्ये, खपतात. भाजीचे नाहीत, शिकारीचे नाहीत. डोळे भरायचे, म्हणजे कलमं करायचे. आमच्याकडे पन्हेरी हाच एक मोठा उद्योग आहे. शेंदुरजना घाटची संत्र्याची कलमं दूरदूर जातात, आणि प्रत्येक कलमामागे एका माणसाच्या हातातला एक चाकू असतो. हल्ली आयातीचा परवाना कसा काढायचा हे विचारायला तरुण मुलं फोन करतात. त्यांना फोनवर सांगते ते तुटक असतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. पण ते आमच्या घराच्या गोष्टीशिवाय सांगता येणार नाही, कारण कोणता चाकू मागवायचा हे मला कोणत्याही पोर्टलनं शिकवलेलं नाही.

आधी काम काय ते सांगते. खुंट म्हणून लावलेलं जंबेरी लिंबाचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की थंडीत त्यावर संत्र्याचा डोळा, म्हणजे काडीवरचा अंकुर, भरतात. जमिनीपासून निदान वीतभर वर, कारण जोड खाली राहिला तर ओल्या मातीतली फायटोफ्थोराची बुरशी तिथेच धरते आणि झाडाला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, लागतो. जंबेरीच्या सालीवर एक आडवी आणि एक उभी चीर द्यायची, साल दोन्हीकडून हलकेच उचलायची, संत्र्याच्या काडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा कापायचा, तो सालीखाली सरकवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीनं बांधायचा. पुढे पुरुष डोळे भरत जातात, मागून बाया बांधत येतात. मजुरी शेकड्यावर. त्यामुळे चाकू बोथट झाला की नुसतं कलम जात नाही, माणसाची रोजीही घसरते.

आणि हा चाकू इतर चाकूंसारखा नसतो. त्याला धार एकाच बाजूनं असते, दुसरी बाजू पूर्ण सपाट. ती सपाट बाजू काडीला टेकली तरच काप सरळ येतो, आणि काप सरळ आला तरच डोळ्याची आतली बाजू खोडाला नीट बसते. मधे पोकळी राहिली की डोळा वाळतो. पात्याच्या पाठीवर किंवा मुठीच्या टोकाला साल उचलायची एक चपटी, बोथट पट्टी असते. उजव्या हाताच्या माणसाचा चाकू डावखुऱ्याला चालत नाही, कारण सपाट बाजू उलटी येते. हे बाजारातल्या पुष्कळ दुकानदारांना माहीत नसतं. आमच्या घरात मात्र हे न शिकवता कळायचं, कारण माझे आबाजी, म्हणजे आजोबा, लोहार होते.

आबाजींचा भाता गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याजवळ होता. वखराची पास पाजवणं, डवऱ्याला पास बसवणं, विळे, कुऱ्हाडी, खुरपी ही रोजची कामं. मोबदला खळ्यावरच्या ज्वारीत. ज्वारी-कापसाच्या या पट्ट्यात विहिरी खोदल्या गेल्या, संत्रा वाढला, तशा पन्हेऱ्या वाढल्या. डोळे भरणारे सुरुवातीला काही ठिकाणी न्हाव्याचा जुना वस्तरा वापरायचे, असं आबाजी सांगत. वस्तऱ्याची धार उत्तम, पण पातं पातळ, काडीत वळतं. मग कोणीतरी आबाजींकडे येऊन म्हणालं, आम्हाला जाड पाठीचा वस्तरा करून दे. आमच्या घरातला पहिला कलमाचा चाकू तो.

लोखंड कुठलं? वखराच्या पासेचं लोखंड यासाठी मऊ पडतं. आबाजी जिनिंगच्या फॅक्टरीतून मोडीत निघालेल्या कानशी आणत. तेव्हा गावोगावी कापसाचे जिन होते, त्यांच्या दुरुस्तीखात्यात कानशी झिजायच्या आणि वजनावर विकल्या जायच्या. कितीतरी कानशींवर इंग्रजीत 'शेफील्ड' कोरलेलं असे. आबाजींना वाचता येत नव्हतं, पण त्या अक्षरांचं वळण त्यांना पाठ होतं, आणि ते वळण नसलेली कानस ते बाजूला टाकत.

कानस आधी लाल करून राखेत गाडायची आणि रात्रभर तशीच ठेवायची, म्हणजे ती मऊ पडते. सकाळी तिचे दात घासून काढायचे, पातं घडवायचं, एक बाजू सपाट करायची. मग पुन्हा तापवून जवसाच्या तेलात बुडवायचं, यालाच पाणी देणं म्हणतात. या वेळी पातं काचेसारखं कडक होतं, पण पडलं तर तुटतं. म्हणून शेवटचं काम उरतं, आणि सगळी करामत त्यात: पातं घासून चकचकीत करायचं आणि निखाऱ्यावर ठेवलेल्या लोखंडी पत्र्यावर ठेवून रंग बघत बसायचं. पांढरं पातं आधी फिकं पिवळं होतं, मग गडद, मग तपकिरी, जांभळट, निळं. आबाजी त्या वेळी कोणाला बोलू देत नसत. भात्यात उजेड कमी ठेवत. "गव्हाच्या काडीवानी रंग आला का उचलाव," ते म्हणत, "निळा दिसला का तो कांदे कापाचा चाकू." साधारण सव्वादोनशे अंश सेल्सियसला येणारा तो पिवळा रंग, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता, पण त्यांचा कलमाचा चाकू कधी निळा गेला नाही. मूठ म्हशीच्या शिंगाची, आणि पात्याच्या मुळाशी टोच्यानं मारलेले तीन ठिपके, ही त्यांची खूण. तसला एक चाकू अजून आमच्याकडे आहे. पातं घासून घासून निम्मं उरलंय.

माझ्या वडिलांना भात्याचा धूर सोसत नसे. दम लागायचा. म्हणून घडवण्याचं काम मोठेबाबांकडे, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाकडे, गेलं आणि वडील सायकलवर चाकू घेऊन बाजार करू लागले. वरुड, बेनोडा, लोणी, मोर्शी. पन्हेरीत जाऊन बोथट चाकू गोळा करायचे, धार लावून परत द्यायचे, जाता जाता एखादा नवा विकायचा. याच फेऱ्यांत एका पन्हेरीवाल्याकडे त्यांना एक वेगळा चाकू दिसला. त्याच्या नातेवाइकानं बाहेरून आणला होता. पात्यावर 'सोलिंगेन' लिहिलेलं. जर्मनीतलं हे गाव चाकू-सुऱ्यांसाठी शतकानुशतकं प्रसिद्ध आहे. १९३८ मध्ये तर तिथे कायदाच झाला की त्या भागात न घडवलेल्या मालावर हे नाव टाकता येणार नाही. वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी धार लावायच्या निमित्तानं तो चाकू घरी आणला आणि आबाजींपुढे ठेवला.

आबाजींनी तो उघडला, मिटला, नखावर टेकवला, सपाट बाजू उजेडाकडे धरून डोळा बारीक करून पाहिली. मग म्हणाले, "पाणी बराबर देल्लं हाये. पन हे कोन्या एका मानसाचं काम नोहे." त्यांनी तो चाकू मुद्दाम दोन दिवस जास्त ठेवून घेतला, असं आई सांगते.

त्यानंतर वडील मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर जाऊ लागले. हार्डवेअरचा तो बाजार ज्यानं पाहिलाय त्याला कळेल, तिथे विचारलं तर काहीही मिळतं. १९९१ च्या आधी असा माल बाहेरून आणायचा तर परवान्याचा खेळ, आणि तो आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचा. मोठे व्यापारी आणत, त्यातले डझनभर चाकू वडिलांना मिळत, भाव व्यापारी सांगेल तो. ते चाकू आमच्या तीन ठिपक्यांच्या चाकूंशेजारी एकाच थैलीत असत. परदेशी चाकू हौशी पन्हेरीवाला घ्यायचा, रोजचे डोळे भरणारे मात्र आबाजींचाच मागायचे. किंमत हे एक कारण. दुसरं म्हणजे मोडला तर दुरुस्त करणारा माणूस गावात होता.

आबाजी गेले. मोठेबाबांनी आणखी बरीच वर्षं भाता चालवला, पण जिन एकेक करून बंद पडले, चांगल्या कानशी मिळेनात, कोळसा महागला आणि त्यांची मुलं पुण्याला कंपनीत लागली. पुढचं सांगायची गरज नाही, विदर्भातल्या कोणत्याही गावात हीच गोष्ट आहे. भाता बंद झाल्यावर बाजारात स्वस्त चाकूंची गर्दी झाली. काहींवर परदेशी नावं, तीही एखादं अक्षर बदललेली. दुपारपर्यंत धार उतरायची. सपाट बाजूसुद्धा मशीनवर ओढलेली, म्हणजे सपाट नाहीच. डोळे भरणारी माणसं आमच्या दुकानात येऊन वडिलांना बोल लावायची, जणू तो माल आम्हीच बनवला होता. मी अमरावतीला बी.कॉम. करून घरी आले होते, जीएसटीचं काम बघत होते. मी म्हटलं, मधल्या माणसाकडून घेण्यापेक्षा आपणच मागवू.

सगळ्यात मोठी अडचण कागदाची नव्हती, मोठेबाबांची होती. ते तिरमिरीत म्हणाले, "आपला भाता इझवला अन् आता दुसऱ्याच्या भात्यातला माल इकता?" मी त्यांना शेफील्डच्या कानशीची आठवण दिली. म्हटलं, परदेशी पोलाद तर आपल्या घरात आबाजींपासून आहे. त्यावर ते म्हणाले, "पोलाद त्याइचं होतं, पानी आपलं होतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मी एवढंच म्हटलं की नमुने मागवते, तुम्ही तपासा. तुम्ही नाही म्हणाल तो चाकू येणार नाही.

नमुने तीन देशांतून आले: जर्मनी, स्वित्झर्लंड, जपान. मोठेबाबांनी अंगणात जंबेरीच्या काड्यांचा भारा घेऊन बसायचं, मी शेजारी वही घेऊन. ते काप मारायचे आणि कापलेली बाजू स्टीलच्या पट्टीवर ठेवून उजेडाकडे धरायचे. काडी आणि पट्टीच्या मधून उजेडाची रेघ दिसली की चाकू नापास. एका चाकूची सपाट बाजूही अगदी किंचित घासलेली निघाली. भिंगाशिवाय ती मला दिसली नसती, त्यांना बोटाला कळली. एकाची साल उचलायची पट्टी टोकदार होती, जंबेरीच्या कोवळ्या सालीला ती भोसकते. पोलाद कोणतं, यावर आमचं भांडण झालं. त्यांना साधं कार्बन पोलाद हवं होतं, कारण त्याला दगडावर लवकर धार येते. मला स्टेनलेस हवं होतं, आणि माझं कारण वेगळं होतं. संत्र्याचे काही रोग चाकूच्या पात्यावरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. एक्झोकॉर्टिस हा त्यातला एक. जंबेरीला तो फारसा दिसत नाही, पण आता पुष्कळ जण रंगपूर लाईमच्या खुंटावर कलमं करतात आणि रंगपूर त्याला बळी पडतो. म्हणून मातृझाड बदललं की चाकू सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवावा असं सांगतात. ते पाणी कार्बन पोलादाला खातं, एका हंगामात पात्यावर खड्डे पडतात. मोठेबाबा म्हणाले, "कोन बुडवते?" मी म्हटलं, बुडवतील. शेवटी दोन्ही मागवायचे ठरले. आजतागायत कार्बनचे जास्त खपतात, हे इथे लिहायलाच हवं, नाहीतर मोठेबाबा माझ्याशी बोलणार नाहीत.

आता कागदांकडे येते. पहिला कागद आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा संकेतांक. डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवर घरबसल्या निघतो, फी ५०० रुपये. पॅन, आधारवरून ई-सही, रद्द केलेला धनादेश, पत्त्याचा पुरावा, बस. हल्ली आयईसीचा क्रमांक म्हणजे तुमचा पॅनच. लोक यासाठी एजंटला हजारो रुपये देतात, देऊ नका. एवढंच लक्षात ठेवा की दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर जाऊन माहिती बरोबर असल्याची खातरजमा करावी लागते, बदल काही नसला तरी. नाही केली तर क्रमांक निष्क्रिय होतो आणि माल विमानतळावर असताना ते कळणं फार महागात पडतं.

दुसरा टप्पा बँकेचा. आमचं चालू खातं तालुक्याच्या ज्या शाखेत आहे तिथे परकीय चलनाचं काम होत नाही. शाखेतल्या साहेबांनी मनापासून मदत करायची तयारी दाखवली, पण एडी कोड म्हणजे काय हे त्यांना आणि मला एकाच वेळी, एकाच मोबाईलवर शोधून कळलं. बँकेच्या परकीय चलन शाखेला चौदा आकडी कोड असतो. त्याचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर घ्यायचं आणि सीमाशुल्क विभागाच्या आइसगेट पोर्टलवर, ज्या बंदरातून किंवा विमानतळावरून माल येणार तिथल्यासाठी नोंदवायचं. हे पत्र शहरातल्या मोठ्या शाखेतून यायचं होतं. तिथे प्रत्येक खेपेला वेगळा माणूस वेगळा कागद मागायचा. शेवटी वडील माझ्यासोबत आले आणि काउंटरसमोरच्या खुर्चीत काही न बोलता बसून राहिले. ते बसलेले पाहून काम झालं, असं माझं मत आहे. वडील म्हणतात, योगायोग.

ज्या जर्मन कारखान्याचे चाकू ठरले तो लहान, चार पिढ्यांचा. त्यांची पहिली ऑर्डर आगाऊ पैशावर. त्यांच्याकडून प्रोफॉर्मा इनव्हॉइस, म्हणजे माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल, घ्यायचं, ते बँकेला द्यायचं, बँक युरो पाठवते. पण आगाऊ पैसे पाठवले म्हणजे बँकेचं समाधान झालं असं नाही. त्या पैशाचा माल खरंच देशात आला हे बिल ऑफ एंट्रीवरून, म्हणजे सीमाशुल्काकडे भरलेल्या आयातीच्या कागदावरून, जुळेपर्यंत तुमच्या नावावर ती नोंद उघडी राहते. म्हणून माल सुटल्यावर तो कागद बँकेत द्यायला विसरू नका.

चाकू म्हटल्यावर सगळ्यांना शस्त्रकायदा आठवतो. सीमाशुल्कातून माल सोडवून देणाऱ्या मुंबईच्या कस्टम्स ब्रोकरनंही पहिल्याच फोनवर विचारलं, "ताई, हत्यार नाही ना?" शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळलेले आहेत. आमचं पातं बोटाएवढं. तरी मी कॅटलॉगची पानं, पन्हेरीत डोळे भरतानाचे फोटो आणि हा चाकू कशासाठी आहे याचं एक पानी पत्र कागदांसोबत जोडलं. आमचं खोकं उघडून तपासलं गेलं. अधिकाऱ्यानं पट्टी लावून पातं मोजलं, उघडलं, मिटलं आणि ब्रोकरला विचारलं म्हणे, यानं खरंच झाड लागतं का? फोटो कामी आले.

मला खरा राग आला तो वर्गीकरणावर, आणि यावर मी थोडी जास्त बोलणार आहे. आयात होणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक शीर्षक क्रमांक असतो आणि कर त्यावरून ठरतो. ८२०१ हे शेतीच्या हातअवजारांचं शीर्षक. त्यात फावडी, कुदळी, विळे, फांद्या छाटायचे सिकेटर, आणि शेती-फळबागेत वापरायची तत्सम अवजारं येतात. यांच्यावर जीएसटी शून्य. मी टॅरिफचं पान वाचून खूश झाले. डोळे भरायचा चाकू फळबागेशिवाय कुठे वापरणार? ब्रोकरनं शांतपणे ८२११ उघडून दाखवलं. ते चाकूंचं शीर्षक, आणि त्याच्या कंसात स्पष्ट लिहिलंय की छाटणीचे चाकूही यातच. नाव घेऊन सांगितलेलं शीर्षक 'तत्सम' म्हणणाऱ्या शीर्षकाच्या आधी. वाद संपला. चाकूंवर आधी १२ टक्के जीएसटी होता, १८ जुलै २०२२ पासून तो १८ झाला. म्हणजे एकाच पन्हेरीत एकाच माणसाच्या एका खिशातल्या सिकेटरवर शून्य आणि दुसऱ्या खिशातल्या चाकूवर १८ टक्के. कांदे कापायच्या सुरीएवढाच. आबाजींचा निळा चाकू आणि पिवळा चाकू सरकारला एकच.

मला त्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे मी भरायच्या जीएसटीतून तो वजा होतो, हे खरं. पण डोळे भरणारा मजूर किंवा बहुतेक पन्हेरीवाले जीएसटीत नोंदलेले नाहीत, त्यामुळे शेवटी तो भार त्यांच्यावरच जातो. किंमत अशी बनते: मालाची किंमत, त्यात वाहतूक आणि विमा, त्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. लहान पार्सलवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विमानानं आणलं तर वाहतूकखर्च मालाच्या तुलनेत फार होतो, पण शुल्कासाठी मूल्य काढताना विमानभाडं मालाच्या एफओबी किमतीच्या, म्हणजे भाडं-विमा सोडून तिकडे माल चढवेपर्यंतच्या किमतीच्या, २० टक्क्यांपर्यंतच धरतात. विम्याचा आकडा माहीत नसेल तर १.१२५ टक्के. ब्रोकरकडून हिशेबाचा कागद मागून घ्या आणि स्वतः पडताळा. त्यांना घाई असते.

आणि लेबलं. किरकोळ विक्रीच्या आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, नग, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन हे सगळं हवं. २०११ चे वेष्टित वस्तूंचे नियम. आयात सुरू केल्यापासून ९० दिवसांत वैधमापनशास्त्र विभागाकडे नोंदणीही करायची. माल इथे आल्यावर चिकटवत बसण्यापेक्षा मी मजकूर कारखान्याला मेलनं पाठवला, त्यांनी तिथेच छापून डब्यांवर लावला. आमच्या गावाचं नाव आणि 'जिल्हा अमरावती' असलेले डबे जर्मनीहून आले तेव्हा वडिलांनी त्यातला एक डबा दिवसभर गल्ल्यावर ठेवला होता. कोणी विचारलं की दाखवायचा, एवढंच.

पहिल्या खेपेचे चाकू मोठेबाबांनी एकेक उघडून पाहिले. त्यांनी काही बाजूला काढले. पाती वाईट नव्हती, पण मिटताना थोडी सैल वाटत होती. कारखान्याला फोटो पाठवले, त्यांनी बदलून द्यायचं कबूल केलं. आता विकलेल्या प्रत्येक चाकूवर हंगाम संपेपर्यंत धार लावून देतो, आणि धार लावतात मोठेबाबा. कोणाचं मशीन चालत नाही त्यांना. दगड, पाणी आणि दुपारचा वेळ. पैसे घेत नाहीत, पण चाकूची आबाळ केली असेल तर माणसाला फार सुनावतात. एका पोरानं त्या चाकूनं वायर सोलली होती. तो पुन्हा दुकानात यायला घाबरतो.

डावखुऱ्यांचा प्रश्न बाकी आहे. आबाजी मागितला तर उलट्या बाजूचा चाकू करून देत, त्यांना फक्त कानस उलटी धरायची होती. कारखाना डाव्या हाताचे बनवतो, पण ठराविक संख्येच्या खाली पाठवत नाही. म्हणून मी सध्या पन्हेऱ्यांमध्ये डावखुरे शोधत फिरते. सापडतात तसे वहीत नाव लिहून घेते. बरेच जण म्हणतात, सवय झाली ताई, उजव्याच चाकूनं भरतो. त्यांचे काप बघितले की कळतं, सवय झाली नाही, डोळे वाया जातात. वही भरत आली की डाव्या चाकूंची ऑर्डर जाईल, आणि वाहतूक तशीही द्यायचीच आहे तर त्याच खोक्यात सिकेटर घालून मागवायचं ठरवलंय. त्यांचं शीर्षक ८२०१ आहे.